कुवेतची वीज: आधी सौर की आधी बिल?

सालमियाकर: जून 2024 मध्ये कुवेतच्या वीज मंत्रालयाने ऐन दुपारी भागवार दोन-दोन तासांपर्यंत वीज बंद ठेवायचं वेळापत्रक काढलं. तेलावर तरंगणाऱ्या देशात भारनियमन! माझं म्हणणं, नवी तेल-गॅसची वीजकेंद्रं पुरे, आता सौर. 2030 पर्यंत 15 टक्के वीज अपारंपरिक करणार म्हणाले होते. शगायाच्या वाळवंटात उभं राहिलं काय, तर 50 मेगावॉट सौर-औष्णिक, 10 मेगावॉट सौर पॅनेल, 10 मेगावॉट पवन. दिब्दिबाचा मोठा सौर प्रकल्प 2020 मध्ये गुंडाळला.

जुना शिफ्टवाला: ऑगस्टात रात्री अकराला गच्चीवर जाऊन बघा. अंग भाजतं, एसी चालूच, पॅनेल मात्र झोपलेलं. शिवाय तौझ! एक धुळीचं वादळ गेलं की पॅनेलवर बोटाने नाव लिहा. धुवायला पाणी कुठलं? समुद्राचं गोडं केलेलं, तेही वीज जाळूनच.

सालमियाकर: कोरडे ब्रश असतात, काका. कपात दुपारी लागली, तेव्हा सूर्य डोक्यावरच होता ना? आणि शगायाचं ते 50 मेगावॉटवालं तापलेल्या मिठात उष्णता साठवतं, अंधार पडल्यावरही कित्येक तास चालतं.

जुना शिफ्टवाला: 50? त्या उन्हाळ्यात मागणी 17,000 मेगावॉटच्या वर गेली होती. दर्यामें खसखस!

फिल्सचा हिशेब: दोघेही पुरवठ्यावरच भांडताय. कुवेती नागरिकाच्या घराला युनिटमागे 2 फिल्स (हजार फिल्सचा एक दिनार), 1966 पासून तेच. म्हणजे आपले साठेक पैसे. वीज बनवायला याच्या कैक पट खर्च येतो. 2017 मध्ये भाड्याच्या फ्लॅटना 5 फिल्स केले, नागरिकांच्या घरांना हात लावला नाही. उन्हाळाभर लंडनला जाणारी कुटुंबं मागे एसी चालू ठेवून जातात, सोफे खराब होऊ नयेत म्हणून. इथे कितीही पॅनेल लावा.

सालमियाकर: आपण तरी कुठे साधू? माझ्या भाड्यातच लाइटबिल धरलंय. मीही एसी 20 वर लावतो, कबूल.

जुना शिफ्टवाला: दर वाढवणं बोलायला सोपं. संसदेत कोण ऐकून घेणार?

फिल्सचा हिशेब: संसद मे 2024 मध्ये अमिरांनी बरखास्त केली, राज्यघटनेची काही कलमंही चार वर्षांपर्यंत स्थगित. ती सबब गेली, काका.

जुना शिफ्टवाला: संसद गेली. दिवाणियात, म्हणजे घरच्या बैठकीत, बसून चहा पिणारे लोक तिथेच आहेत.