दारू नसलेली मार्गारिटा सरबतच का लागते?

रविवारची_सून: शनिवारी घरी बारा माणसं, निम्मी न पिणारी. मागच्या वेळी टकीला, म्हणजे त्यातली दारू, वगळून मार्गारिटा कॉकटेल केलं होतं. लिंबू, संत्र्याचा रस, साखर, ग्लासच्या कडेला मीठ. सासरे म्हणाले, "सरबत झकास गं, पण मीठ आत घालायचं राहिलं वाटतं!" घशाला ती चरचर आणायची कशी?

मालवणी_काकू: साखर कमी कर आधी. दारू काढली की कडवटपणा आणि जळजळ दोन्ही जातात, उरतं ते गोड पाणी. कोकमाचं आगळ, म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस घे, अमृत कोकम नको, त्यात साखरच साखर. एका ग्लासला दोन चमचे आगळ, अर्धं लिंबू, चमचाभर आल्याचा रस, थोडा गुळाचा पाक, वर गार सोडा. आगळ खारटच असतं, म्हणून कडेला मीठ नको, भाजलेल्या जिऱ्याची पूड नि चिमूटभर तिखट लाव. हिरवी मिरची उभी चिरून दहा मिनिटं रसात ठेव आणि आठवणीने काढ. मी एकदा विसरले, आमचे हे अजून ऐकवतात.

चहाबाज: व्हिस्की सावर (व्हिस्की, लिंबू नि साखरेचं कॉकटेल) बिनदारूचं करायचं तर व्हिस्कीऐवजी कडक कोरा चहा गार करून घ्या, तुरटपणा आयता मिळतो. त्यावरच्या अंड्याच्या फेसाऐवजी छोले शिजवलेलं पाणी, बरणीत घालून जोरात हलवा.

रविवारची_सून: छोल्यांचं पाणी?? सासऱ्यांना सांगणार नाही. काकू, आगळ आजच आणते.