स्टाऊट १.०२६ वर अडकलीय, दोष गुळाचा का थंडीचा?

मंडळी मदत हवी आहे. धाकटा भाऊ लीड्सला असतो, इकडं घरी असलं काय करायला बंदी पण तिकडं स्वतःपुरती बिअर करायला १९६३ पासून लायसन लागत नाही, म्हणून पठ्ठ्यानं पहिल्याच झटक्यात स्टाऊट (काळी बिअर) लावलीय. २० लिटर पाणी, डार्क माल्ट एक्स्ट्रॅक्टचे दीड-दीड किलोचे दोन डबे (मोड आणलेल्या बार्लीचा आटवलेला अर्क; व्हिडिओ कॉलवर बघितलं, सेम आपली काकवी हो, चमच्यावरनं तशीच तार धरते), भाजलेली बार्ली ३०० ग्रॅम फडक्यात बांधून ६५-७० डिग्रीच्या पाण्यात अर्धा तास, हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं), आणि अर्धा किलो गूळ. गूळ आमच्या गुऱ्हाळातला, कागलकडचा, मीच पाठवलेला. तिथंच तर भांडण लागलंय.

सुरुवातीला घनतेचं रीडिंग (पाणी म्हणजे १.०००, साखर आंबेल तसा आकडा उतरतो) १.०५६ होतं, दोन दिवस नुसता फेस झाकणापर्यंत, मग १.०२६ ला येऊन जे बसलंय ते आठवडा होत आला तरी हलेना. (हायड्रोमीटरच आहे, रिफ्रॅक्टोमीटर नाही, अल्कोहोल झाल्यावर तो चुकीचं दाखवतो हे माहितेय.) आता साहेब म्हणतात तुमच्या गुळात केमिकल असणार, त्यानं यीस्ट मेलं. अरे बाबा, गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ पाहिजे म्हणून हायड्रॉस (रंग उजळवणारी पावडर) मारणारे वेगळे, आमच्या काहिलीत भेंडीचा रस आणि थोडा चुना सोडला तर काय पडत नाही, ढेपेचा रंगच बघ की काळपट. आणि गूळ म्हणजे बहुतेक साखरच, ती यीस्ट आधी फस्त करणार, मागं राहतंय ते एक्स्ट्रॅक्टमधलं असणार ना? डार्क एक्स्ट्रॅक्टमध्ये न आंबणारा माल जास्त असतो म्हणे, पण म्हणून एवढ्या वर थांबतं का?

मला संशय थंडीचा. बादली जिन्याखाली, रात्री हीटर बंद, सकाळी तिथं १३ डिग्री. एल यीस्टला (स्टाऊटला हेच लागतं) १८-२० तरी पाहिजे, गारठ्यात ते तळाला जाऊन झोपतं. आमच्या माळ्यावर असती तर उलटी बोंब झाली असती, ते सोडा.

तर बादली गरम खोलीत आणून, हवा न मिसळता हळू हलवली तर परत चालू होईल का नवीन पाकीट टाकायला लागेल? १.०१६ च्या आसपास यायला हवं असा माझा अंदाज, बरोबर आहे का? जरा लवकर सांगा, कारण हा रविवारी वरनं साखर घालून काचेच्या बाटल्या भरायच्या म्हणतोय आणि उरलेली साखर आत आंबून गॅस झाला की मला त्या कपाटात फुटलेल्या दिसायला लागल्यात.

गुळाला क्लीन चिट देणार असाल तर स्पष्ट शब्दात द्या, स्क्रीनशॉट पाठवायचाय.