१९५८ सालच्या लग्नाच्या कृष्णधवल रिळात रंग भरताना अष्टपुत्री पिवळी कशी राखावी?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझ्या आई-वडिलांच्या लग्नाचे, १९५८ साली वाईत चित्रित केलेले १६ मिमीचे कृष्णधवल रीळ आमच्याकडे आहे. एका स्टुडिओने ते प्रोजेक्टरवर चालवले, भिंतीवरचे चित्र कॅमेऱ्याने टिपले आणि आम्हांला एमपी४ फाइल दिली. मोबाइलवरील एका अॅपने तिच्यात रंग भरले, तेव्हा आईची पिवळी अष्टपुत्री जवळजवळ पांढरी झाली, हिरवा चुडा मातकट झाला आणि मामांचा फेटा एका क्षणी निळसर, तर दुसऱ्या क्षणी तांबूस दिसू लागला. बोहल्यावरची नवरी पांढऱ्या वस्त्रात पाहून आत्याबाईंना फार वाईट वाटले. त्या लग्नात त्या करवली होत्या आणि बहुतेक कपड्यांचे रंग त्यांना आजही आठवतात. राखाडी छटेवरून मूळ रंग ओळखता येतो का, आणि हे काम नव्याने करायचे तर सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निगेटिव्ह

राखाडी छटेवरून मूळ रंग ओळखता येत नाही. कृष्णधवल फिल्मवर प्रकाश किती पडला एवढेच नोंदले जाते, त्यामुळे लाल शालू आणि गर्द हिरवा शालू शेजारी शेजारी असूनही एकाच छटेचे दिसू शकतात. त्यातही फिल्मचा प्रकार महत्त्वाचा असतो. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, म्हणून तिच्यावर कुंकू काळे आणि निळे आकाश पांढरे उमटे. १९२० च्या दशकात सर्व रंगांना प्रतिसाद देणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म चित्रपटांत रुळू लागली. तुमचे रीळ १९५८ चे असल्याने ते बहुधा याच फिल्मवरचे असेल आणि तिच्यावर पिवळा रंग उजळ येतो. अॅपने ती उजळ छटा पांढरी ठरवली, कारण ज्या छायाचित्रांवरून अशा प्रणाली शिकतात त्यांत पाश्चात्त्य छायाचित्रांचा भरणा मोठा असतो आणि तेथील नवरी पांढऱ्या पोशाखात असते. जेथे रंगाचा अंदाज लागत नाही, तेथे प्रणाली अनेक शक्यतांची सरासरी काढते. चुडा मातकट झाला तो त्यामुळे. फेट्याचा रंग बदलत राहतो, कारण प्रत्येक चौकटीचा, म्हणजे फिल्मवरील एकेका स्थिर चित्राचा (फ्रेमचा), निर्णय स्वतंत्रपणे घेतला जातो.

सध्याची फाइल या कामासाठी वापरू नये. चित्रीकरण सेकंदाला १६ चौकटींच्या गतीने झाले असेल, तर २५ चौकटींच्या फाइलमध्ये काही चौकटी दोनदा आलेल्या असतात, काही ठिकाणी दोन चौकटी एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि अशा जागी रंग हमखास फरफटतो. मूळ रीळ बाहेर काढून त्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो का ते पाहावे. येत असेल तर फिल्मचा ॲसिटेटचा पाया विघटित होऊ लागला आहे आणि विलंब परवडणारा नाही. आकसलेली फिल्म प्रोजेक्टरवर पुन्हा कदापि चालवू नये, तिची छिद्रे फाटतात. फिल्म स्कॅनरवर एकेक चौकट स्वतंत्र टिपून घ्यावी आणि ती प्रतिमा टिफ (TIFF) या चित्र-फाइलच्या स्वरूपात ठेवावी. धूळ, ओरखडे, थरथर आणि प्रकाशाची लुकलुक यांची दुरुस्ती आधी करावी. रंगांचे काम त्यानंतरचे.

रंगपेटी

वरील उत्तराला माझी एक पुस्ती आहे. राखाडी छटा रंग सांगत नसली, तरी चुकीचा रंग नाकारण्यासाठी ती फार उपयोगी पडते. आत्याबाईंनी एखादे लुगडे गर्द जांभळे होते असे सांगितले आणि चौकटीत ते फिकट दिसत असेल, तर ते लुगडे दुसऱ्या कोणाचे तरी असावे, असे समजून पुन्हा विचारावे.

प्रत्येक दृश्यातील एक चौकट कागदावर मोठी छापून आत्याबाईंसमोर ठेवावी. त्या वेळची पैठणी किंवा शालू कपाटात असेल, तर उन्हाच्या थेट तिरिपेत न ठेवता दिवसाच्या मोकळ्या उजेडात त्याचे छायाचित्र घ्यावे. तोच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा. ती एक चौकट हाताने रंगवून पुढच्या चौकटींना संदर्भ म्हणून दिली की रंग बराच स्थिर राहतो. रंगाचा थर वेगळा ठेवावा आणि उजळपणा मूळ फिल्मचाच राहू द्यावा.

मोठ्या प्रकल्पांतही संशोधनाला पर्याय नसतो. २००४ साली ‘मुघल-ए-आझम’ रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला, त्या वेळी संग्रहालयांतील वस्त्रांचा अभ्यास झाला आणि खुद्द दिलीपकुमार यांचाही सल्ला घेतला गेला. १९६० च्या मूळ चित्रपटाची काही रिळे मुळातच रंगीत होती, ही त्यांची मोठी सोय होती. तुमच्याकडे आत्याबाई आहेत, म्हणून स्कॅनची वाट न पाहता त्यांचे सांगणे आजच ध्वनिमुद्रित करून ठेवावे, असे मी कळकळीने सुचवतो.

जुने पान

रंगवलेली प्रत पुढे कोणाच्या हाती जाईल, याचाही विचार आताच करावा. अमेरिकेत १९८० च्या दशकात जुने चित्रपट दूरचित्रवाणीसाठी रंगवण्यावरून मोठा वाद झाला, आणि १९८८ च्या कायद्याने तेथील राष्ट्रीय सूचीतील चित्रपट रंगवल्यास प्रेक्षकांना तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक केले. तुमची फीत घरगुती असली तरी आरंभी एक पाटी द्यावी आणि कोणते रंग आठवणीवरून, कोणते वस्त्रावरून व कोणते अंदाजाने दिले, ते तिच्यावर लिहावे. न रंगवलेला स्कॅन दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपावा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अष्टपुत्री आणि चुडा यांविषयी आत्याबाई ठाम आहेत, शालूही घरात आहे. मात्र मामांच्या फेट्याचा रंग कोणालाच आठवत नाही. त्याचे काय करावे?

रंगपेटी

फेट्याला अगदी फिकी, तटस्थ छटा द्यावी आणि पाटीवर त्याची नोंद ‘रंग अज्ञात’ अशी करावी. मामांच्या घरी त्या दिवसाविषयी कोणाला काही ठाऊक असेल, तर विचारून पाहावे. रंगाचा थर वेगळा असल्याने फेट्याचा रंग नंतरही बदलता येईल.