अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या आधी घन कसं झालं?

आकाशवेडी
आमच्या खगोल मंडळात परवा सूर्यमालेच्या जन्माचा विषय निघाला. तप्त वायू निवत गेला तेव्हा अ‍ॅल्युमिनियम-कॅल्शियमची खनिजं आधी तयार झाली, लोखंड नंतर, असं सांगितलं. पण अ‍ॅल्युमिनियम वितळतं ६६० अंश सेल्सिअसला, लोखंड १५३८ ला. त्या वायूत लोखंडाचे अणूही अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण दसपट. मग आधी नंबर लोखंडाचा लागायला हवा ना? आणि मध्ये थेंब न होता वायूचा थेट खडा कसा होतो?

पातळछेद
दगडांचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हा प्रश्न जिव्हाळ्याचा.

धातूचा वितळणबिंदू इथे लावू नका. या वायूतून अ‍ॅल्युमिनियम धातू म्हणून बाहेर पडतच नाही. पडतो तो त्याचा ऑक्साइड, म्हणजे कुरुंद; माणिक आणि नीलम त्याचेच. अ‍ॅल्युमिनियम आणि कॅल्शियम ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतात. लोखंडाची पकड सैल, आणि भोवती हायड्रोजनच हायड्रोजन. हा हायड्रोजन लोखंडाकडे ऑक्सिजन टिकूच देत नाही. म्हणून लोखंड येतं ते निकेलला घेऊन, धातूच्याच रूपात.

दाब आपल्या हवेच्या दहा हजाराव्या हिश्शाइतका धरला, तर हिशोबाने कुरुंद १४०० अंशांच्या आसपास, मेलिलाइट (कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचं सिलिकेट) १२५०, स्पिनेल (मॅग्नेशियम-अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) ११२०. धातूरूप लोखंड १०८० च्या जवळ, आणि जवळजवळ त्याच्या बरोबरीने ऑलिविन, म्हणजे मॅग्नेशियमचं सिलिकेट. ट्रॉयलाइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज, थेट ४३० ला, आणि पाण्याचा बर्फ उणे ९० ला.

थेंबाचं उत्तरही यातच आहे. कुरुंद वितळतो २०५० च्या आसपास, पण इतक्या विरळ वायूत तो जन्मतोच १४०० ला. तिथे द्रवाला जागाच नाही.

तयार झालेला कुरुंद तसाच बसूनही राहत नाही. वायूतलं कॅल्शियम त्याच्याशी प्रक्रिया करतं, त्याचं हिबोनाइट (कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड) होतं, पुढे मेलिलाइट. म्हणून सगळ्यात आधी जन्मलेला कुरुंद अशनींमध्ये क्वचितच शिल्लक दिसतो.

बघायचं असेल तर आयेंदे अशनी बघा, ८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत पडलेला. काळपट करड्या दगडात वेडेवाकडे पांढरे डाग असतात, ते याच आधी जन्मलेल्या खनिजांचे. छेद काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवक गाळण्यांमध्ये धरला की मेलिलाइट मंद राखाडी दिसतं, आणि त्यात रुतलेले स्पिनेलचे कण सूक्ष्मदर्शकाची तबकडी कितीही फिरवा, काळेच राहतात. अशा डागांचं वय ४५६ कोटी ७० लाख वर्षांच्या आसपास भरतं. सूर्यमालेतच तयार झालेलं याहून जुनं काही मोजलेलं नाही.

गारगोटी
पण यातले बरेच डाग गोल आहेत, वितळून पुन्हा थिजलेले. मग ते वायूतून आले कशावरून? धूळ तापली, हलकं ते उडून गेलं आणि हा गाळ उरला, असंही असेल.

पातळछेद
शंका रास्त आहे. खडबडीत, पोकळ डाग थेट वायूतले. गोल, मोठ्या स्फटिकांचे नंतर वितळले, हे खरंच. पण दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांकडे, म्हणजे रसायनात एकमेकांसारख्या धातूंच्या कुटुंबाकडे बघा. आयेंदेतल्या पुष्कळ डागांत त्यांतली सर्वांत उष्णतासह, म्हणजे सर्वांत जास्त तापमानाला घन होणारी, गॅडोलिनियमपासून अर्बियमपर्यंतची आणि ल्युटेशियम, कमी आहेत. युरोपियम आणि इटर्बियम ही सहज उडणारीही कमी. नुसता गाळ असता तर उष्णतासह मूलद्रव्यं सर्वांत जास्त सापडायला हवी होती! ती आधीच्या कणांत अडकून बाजूला झाली, उडणारी वायूतच राहिली, आणि मधली तेवढी या डागांत उतरली. हा ठसा फक्त सांद्रीभवनच, म्हणजे वायूचं घन होणंच, उमटवू शकतं, आणि नंतर वितळलं तरी तो पुसला जात नाही. माझ्या मते या विषयातला सर्वांत भक्कम पुरावा हाच.

रात्रपाळी
२०२५ मध्ये वायूतून असे खडे होणं दुसरीकडे घडतानाही दिसलं. मृग नक्षत्रातला बालतारा होप्स-३१५, सुमारे १३०० प्रकाशवर्षं दूर. जेम्स वेब अवकाश दुर्बीण आणि चिलीतली आल्मा रेडिओ दुर्बीण यांना तिथे सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू आणि सिलिकेटांचे स्फटिक दोन्ही सापडले, ताऱ्यापासून आपल्या लघुग्रह पट्ट्याइतक्या अंतरावर.

आकाशवेडी
मग तिथेही कुरुंद आधी होऊन गेला असेल?

पातळछेद
हो, रसायन तेच असेल तर क्रमही तोच. पण कार्बन ऑक्सिजनपेक्षा जास्त झाला की सगळा क्रम बदलतो: ऑक्सिजन कार्बन मोनॉक्साइडमध्ये अडकतो आणि ऑक्साइडांच्या आधी ग्रॅफाइट, सिलिकॉन कार्बाइड येतात. आपल्या वायूत कार्बन ऑक्सिजनच्या साधारण निम्मा होता.