सल्ला हवा: अण्णांचा कॉम्प्युटर सकाळी आपोआप सुरू आणि रात्री आपोआप बंद कसा करावा?

मांजराकाठ
नमस्कार. माझे वडील अंबाजोगाईला असतात, मी संभाजीनगरला. अण्णा 76 वर्षांचे, निवृत्त शिक्षक. काचबिंदूने दोन्ही डोळ्यांची नजर जवळजवळ गेली आहे. गेल्या दिवाळीत मी त्यांच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, बसवून दिलं, मराठी आवाज लावला, आणि माणूस पुन्हा बोलायला लागला. सकाळी पेपर ऐकतात, मग जुनी कीर्तनं, दुपारी नातवाला मेल. कळफलक बोटांना पाठ झालाय.

अडचण बटणाची आहे. सीपीयू टेबलाखाली. आईचे गुडघे गेलेत, तिला वाकवत नाही. अण्णा चाचपत बटण शोधतात, त्यात दोनदा मागची खटकी पडली. कॉम्प्युटर बिघडला असं समजून दोन दिवस गप्प बसून राहिले, मला फोनसुद्धा केला नाही. कळल्यावर जीव कळवळला.

सकाळी साडेसहाला सुरू व्हावा, रात्री साडेनऊला बंद व्हावा, एवढंच हवंय. विंडोजमध्ये ठरल्या वेळी कामं करून घेणारा टास्क शेड्यूलर आहे, त्यात 'वेक द कॉम्प्युटर टू रन धिस टास्क' वर टिक करून पाहिली. स्लीपमधून उठतो, पण शटडाऊन केलेला असला की ढिम्म हलत नाही. त्यात आमच्याकडे पहाटे लाईट जाते. असेंबल केलेला डेस्कटॉप आहे, विंडोज 11. मी पंधरा दिवसांतून एकदाच जाते, त्यामुळे एकदा लावलं की चालत राहील असं काहीतरी सुचवा.

गोदातीर
ताई, टास्क शेड्यूलर विंडोजच्या आत राहतो. विंडोज बंद की तोही बंद. हायबरनेट केलेलं (चालू काम डिस्कवर साठवून झोपवलेलं) मशीन तो उठवू शकतो, पण पूर्ण बंद केलेलं उठवायचं काम मदरबोर्डचं. मदरबोर्डवर घड्याळाची चिप असते, तिला गजर लावता येतो.

मशीन सुरू होताना डिलीट किंवा एफ2 दाबत राहा, बायोस, म्हणजे मदरबोर्डची स्वतःची सेटिंग, उघडेल. पॉवरच्या पानात 'पॉवर ऑन बाय आरटीसी', 'रिझ्यूम बाय अलार्म' किंवा 'वेक अप ऑन अलार्म' असं काहीतरी सापडेल, नाव कंपनीगणिक बदलतं. ते एनेबल करा, तास 6, मिनिट 30. तारखेच्या जागी शून्य ठेवलं की बऱ्याच बोर्डांवर त्याचा अर्थ 'रोज' असा होतो. एफ10 ने सेव्ह करून बाहेर या.

आता ज्यावर बहुतेकांची गाडी अडते ते. त्याच पानात 'ईआरपी' असेल तर तो डिसेबल करा. नाव युरोपातल्या वीजबचतीच्या नियमावरून पडलंय. तो चालू असला की मशीन बंद झाल्यावर बोर्डाला जी थोडीशी वीज मिळत राहते तीही तोडली जाते, मग गजर वाजला तरी उठवणार कोण? मागची खटकी पडली की हेच होतं. म्हणून त्या खटकीवर आजच जाड चिकटपट्टी लावा.

बायोसमध्ये वेळ बरोबर आहे का तेही पाहा. चुकलेली असेल तर बोर्डवरचा सीआर2032 चा सेल बदला, घड्याळवाल्याकडेही मिळतो. सेल मेला की लाईट गेल्यावर घड्याळ मागे जातं, आणि गजर भलत्याच वेळी वाजतो.

उदगीरनाका
गोदातीर यांनी सांगितलेलं बरोबर आहे, पण लाईटचं राहिलं. साडेसहाला लाईट नसली तर गजर हुकला, मग सात वाजता लाईट आली तरी मशीन तसंच पडून राहणार. आपण शेतातल्या मोटारीला ऑटो लावतो की, लाईट आली की मोटार आपोआप चालू? तसला ऑटो बायोसमध्ये पण आहे. 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' म्हणून. त्याला 'पॉवर ऑन' वर ठेवा. 'लास्ट स्टेट' नको, कारण लाईट जाताना मशीन बंद असेल तर ते बंदच राहतं.

मी तीन वर्षांपासून असंच वापरायलोय. फक्त रात्री दोनला लाईट आली तरी मशीन उठून बसतं. त्याला उपाय म्हणजे लॉग ऑन झाल्यावर चालणारं एक टास्क. पॉवरशेलमध्ये, म्हणजे विंडोजला लेखी आज्ञा देण्याच्या प्रोग्रॅममध्ये, दोन-तीन ओळींत तास बघायचा, सकाळी सहाच्या आत किंवा रात्री नऊच्या पुढं असेल तर दहा मिनिटांनी शटडाऊन. दहा मिनिटं यासाठी की कोणी मुद्दाम चालू केला असेल तर त्याला थांबवायला वेळ मिळावा.

आणि माझ्यासारखं करू नका. रात्रीच्या शटडाऊनच्या टास्कमध्ये 'स्टार्ट मिस झालं तर शक्य तितक्या लवकर चालवा' असा एक पर्याय असतो, मी त्याला टिक केली होती. रात्री नऊला लाईट गेली की साडेनऊचं शटडाऊन हुकायचं, आणि सकाळी मशीन उठल्या उठल्या ते राहिलेलं काम करायचं. म्हणजे लगेच बंद! आठवडाभर मी पॉवर सप्लायला दोष देत होतो, नवीन विकत आणायच्या बेतात होतो. ती टिक रिकामी ठेवा.

वेरूळरोड
एवढं सगळं कशाला? स्मार्ट प्लग घ्या, साडेसहाला चालू, साडेनऊला बंद. 'पॉवर ऑन' केलेलं असलं की प्लग चालू होताच मशीन सुरू.

उदगीरनाका
सुरू करायला ठीक आहे. बंद करायला अजिबात नाही. चालत्या मशीनचा प्लग तोडणं म्हणजे रोज लाईट घालवणं. डिस्क त्यानंच खराब होतात. आणि प्लगचं वायफाय लाईटीसोबत जातंच.

ज्वारीचं_कणीस
मांजराकाठ, मी परभणीची, स्वतः दृष्टिहीन आहे आणि रोज एनव्हीडीएवर काम करते. दोन गोष्टी मनापासून सांगते.

पहिली, बंद होण्याबद्दल. आपण काही ऐकत असताना मशीन एकदम गप्प झालं की आम्हाला काहीच कळत नाही. लाईट गेली, बिघडलं की आपलाच हात कुठे लागला? पाहणाऱ्याला निदान काळा पडदा दिसतो. म्हणून नुसतं शटडाऊन लावू नका. दोन ओळींची बॅच फाईल, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेली फाईल, करा. पहिली ओळ एक आवाजाची फाईल वाजवेल, दुसरी शटडाऊन, स्लॅश एस, स्लॅश टी, 600. म्हणजे 600 सेकंद, दहा मिनिटं. आवाज घरातल्याच माणसाचा ठेवा. टास्कमध्ये 'युजर लॉग ऑन असेल तरच चालवा' हा पर्याय घ्या, नाहीतर फाईल वाजते पण ऐकू येत नाही.

मग डेस्कटॉपवर शटडाऊन स्लॅश ए चा शॉर्टकट करा आणि त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कंट्रोल ऑल्ट टी अशी कळ द्या. ती दाबली की बंद होणं रद्द. एन घेऊ नका, कंट्रोल ऑल्ट एन ने एनव्हीडीए सुरू होतं. आणि एक लक्षात असू द्या, /टी ला शून्यापेक्षा मोठा आकडा दिला की विंडोज उघडे प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करतं. अण्णा मेल लिहीत असतील तर तो जाईल. त्यांना हे आधी नीट सांगा.

दुसरी, तुमचा खरा प्रश्न बटणाचा आहे. गजर जरूर लावा, पण दुपारी झोपून उठल्यावर त्यांना स्वतःला सुरू करावंसं वाटलं तर? बायोसमध्ये 'पॉवर ऑन बाय कीबोर्ड' शोधा. बऱ्याच बोर्डांवर स्पेसबार किंवा ठरवलेली कळ दाबून बंद मशीन सुरू होतं. काहींना त्यासाठी गोल पिनचा पीएस/2 कळफलकच लागतो. नसेल जमत तर वायरवालं जादा पॉवर बटण मिळतं, ते टेबलावर चिकटवता येतं, त्याची वायर बोर्डवर पॉवर बटणाच्या पिनांना जोडतात. सुरू करणं त्यांच्याच हातात राहू द्या.

पासवर्ड काढून टाकायचीही गरज नाही. एनव्हीडीएच्या जनरल सेटिंगमध्ये साइन-इनच्या वेळी एनव्हीडीए वापरण्याचा पर्याय आहे, मग पिन टाकायची जागाही ते बोलून दाखवतं.

सिडकोनांदेड
कोणी विंडोजऐवजी लिनक्सवर करत असेल तर आरटीसीवेक बघा, बोर्डच्या घड्याळाला गजर लावायची आज्ञा आहे ती. पण लिनक्स बोर्डचं घड्याळ सहसा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. बायोसमध्ये सकाळी साडेसहाचा गजर हवा असेल तर 1 वाजून 0 मिनिटं लिहायचं. मी साडेसहा लिहून ठेवलं आणि मशीन दुपारी बाराला उठायचं.

मांजराकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी जाऊन आले.

ईआरपी चालूच होता, तो बंद केला. बायोसमधली तारीख तीन वर्षं मागची निघाली. योगेश्वरीच्या देवळाच्या वाटेवर घड्याळवाल्याकडून सेल आणला. सीपीयू उघडला तेव्हा आत कापसासारखी धूळ, आई पंख्याच्या पात्यांवरून जुन्या ब्रशने हात फिरवत बसली. खटकीवर चिकटपट्टी लावली. यूपीएसची बॅटरीही बदलली, आता दहा-पंधरा मिनिटं तग धरते.

सोमवारी मी मुद्दाम थांबले. सहा दहाला लाईट गेली, सात वीसला आली, आणि मी चहा गाळत असताना आतून एनव्हीडीएचे सूर ऐकू आले. अण्णा पूजेला बसले होते. तिथूनच म्हणाले, "उठला का गं तो?"

बंद होण्याचा आवाज लेकाने भरून दिलाय. "आजोबा, दहा मिनिटांत बंद होणार. अजून ऐकायचं असेल तर कंट्रोल ऑल्ट टी." पहिल्याच रात्री कीर्तन उत्तररंगात आलं होतं. अण्णांनी कळ दाबली, पुढचा पाऊण तास ऐकलं, आणि मग स्वतःच कळफलकावरून शटडाऊन केलं.

राहिला तो कळफलक. आमच्या बोर्डला पीएस/2 चाच लागतोय, यूएसबीवरून उठत नाही. अंबाजोगाईत दोन दुकानांत विचारलं, नाही मिळाला. लातूरला कुठे मिळेल?

उदगीरनाका
ताई, दुकानात शोधू नका. माझ्याकडं एक चांगला पडून आहे, एफ आणि जे वरच्या बोटांना लागणाऱ्या खुणा अजून शाबूत आहेत. शनिवारी लातूरला यायलोय, अंबाजोगाईच्या एसटीत ड्रायव्हरजवळ ठेवून देतो. पत्ता खाजगी निरोपात कळवा.