चिखलदऱ्याच्या थंडीत इलेक्ट्रिक कार : बॅटरीची तयारी काय करावी?

परतवाडाकर : गाडीत ३० युनिटची एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी आहे. डिसेंबरात चिखलदऱ्याला दोन रात्री मुक्काम, तिसऱ्या दिवशी सकाळी ६ ला घाट उतरायचा. रात्री गाडी उघड्यावर राहील. खोलीजवळ १५ अँपिअरचं सॉकेट आहे. निघण्याआधी १०० टक्के चार्ज करू का? गाडीवर ताडपत्री टाकून फायदा होतो का?

घाटवळण : भाऊ, वर १०० टक्के करूच नका. उतारावर मोटर वीज परत बॅटरीत ढकलते (यालाच रीजन म्हणतात), म्हणून गाडी धरून राहते. बॅटरी भरलेली असेल तर ती वीज घ्यायला जागा नसते. त्यात ती गार असली की बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) हा करंट आणखी कमी करतो. मग सगळा भार ब्रेकवर येतो, आणि सलग दाबून ठेवलेले ब्रेक तापून कमी पकडतात.

८५ टक्क्यांवर थांबवा. दीड टनाची गाडी ७०० मीटर चढवायला नुसत्या उंचीसाठीच सुमारे ३ युनिट लागतात, पण उतरताना परत मिळतात फार तर एक-दोन. तेवढी जागा पुरते. रीजन पूर्ण वर ठेवा, तरी पहिली वळणं सावकाश घ्या, ब्रेक दाबून-सोडून वापरा. न्यूट्रलमध्ये गाडी सोडायची नाही, रीजन पार बंद होतं.

पोचल्याबरोबर चार्जिंगला लावा, कारण चढून आलेली बॅटरी तेव्हा कोमट असते. शून्याखाली चार्ज केल्यास सेलमध्ये लिथियमचा थर बसतो आणि क्षमता कायमची जाते. बीएमएस ते होऊ देत नाही, मात्र ५-१० अंशांतही चार्जिंग मंदावतं.

कोठ्यातली_ईव्ही : ताडपत्रीने बॅटरी गरम होत नाही, फक्त गार व्हायला वेळ लागतो. दवापासून काच वाचते, एवढंच. त्यापेक्षा कोठ्यात (गोठ्यात) किंवा भिंतीच्या आडोशाला लावा. हीटर सुरुवातीला ३-४ किलोवॅट खेचतो. ॲपवरून केबिन गरम करता येत असेल तर प्लग काढायच्या आधीच करा, म्हणजे ती वीज बहुतांशी बॅटरीतून जाणार नाही.

सॉकेटला अर्थिंग आहे ना, ते आधी टेस्टरवाल्याकडून पाहून घ्या. नसेल तर बहुतेक चार्जर चालूच होत नाहीत. एक्स्टेंशन टाळा. लागलंच तर जाड तारेचं घ्या आणि गुंडाळी पूर्ण उलगडा, नाहीतर तार तापते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. चटका बसत असेल तर करंट १० अँपिअरवर आणा.

परतवाडाकर : पण एलएफपी अधूनमधून १०० टक्के करायला सांगतात ना?

घाटवळण : बरोबर आहे. या बॅटरीचं व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतं, त्यामुळे टक्केवारीचा अंदाज चुकत जातो. पूर्ण चार्ज झाला की तो जुळतो. ते परतवाड्याला घरी परतल्यावर करा. आणि टायरची हवा निघायच्या दिवशी सकाळी, टायर गार असताना तपासा. १० अंश तापमान उतरलं की साधारण २ पीएसआय कमी होते.