विषय: सर्व्हेत निघालेली चिमणी आणि घराचा भाव

स्लावहून

नमस्कार मंडळी,

इंग्लंडात आमचं पहिलंच घर घेतोय. १९३०च्या सुमाराचं सेमी (एक भिंत शेजाऱ्याशी सामायिक असलेलं जोडघर), ऑफर ४,१०,००० पौंडांना मान्य झालीय. काल लेव्हल २ सर्व्हे (घराच्या तपासणीचा अहवाल) हातात पडला आणि आम्हा दोघांची झोप उडाली. तीन ठिकाणी लाल ३, म्हणजे गंभीर दोष. खालच्या खोलीतली चिमणी ब्रेस्ट (धुराड्याचा भिंतीतून पुढे आलेला विटांचा भाग) कुणीतरी पाडलीय, वरच्या बेडरूममधली तशीच आहे, आणि ती कशावर उभी आहे ते सर्व्हेयरला दिसलं नाही. फ्यूजबोर्ड जुनाट. मागच्या भिंतीला ओल. पिवळे २, म्हणजे किरकोळ दोष, तर अकरा आहेत. १५,००० कमी करून मागावेत असं मनात आहे. एजंट म्हणतो, जुन्या घरात हे असतंच. मागू का, की हातचं घर जाईल?

उत्तर: रेडिंगचा काका

अरे, माग की. इंग्लंडात काँट्रॅक्ट एक्स्चेंज (दोन्ही बाजूंच्या सह्यांच्या करारांची अदलाबदल) होईपर्यंत दोन्ही बाजू मोकळ्या असतात. तू भाव पाडून मागू शकतोस, तसा मालकही दुसऱ्याला विकू शकतो. पण १५ हजार आले कुठून? कागद नसलेला आकडा एजंट चहाबरोबर पिऊन टाकतो.

पिवळे अकरा विसर. गटारात पानं, काच धुरकट, हे घर बघतानाच दिसत होतं. ते ऑफरीत धरलेलंच आहे असं समोरचा म्हणणार, आणि बरोबरच म्हणणार. मी आमच्या पहिल्या घराच्या वेळी अख्खी यादी पाठवली होती, बाथरूमच्या टाइलसकट. विकणाऱ्या आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी घर पुन्हा बाजारात लावलं. तुझी काकू अजून ऐकवते.

ओल असेल तिथे भिंतीच्या बाहेर जाऊन बघ. जमीन डॅम्प कोर्सच्या (भिंतीत ओल वर चढू न देणाऱ्या थराच्या) निदान १५ सेंटिमीटर खाली हवी. आमच्याकडे ‘फुकट तपासणी’वाल्याने भिंतीत ओल थांबवणाऱ्या रसायनाच्या इंजेक्शनचे २,४०० सांगितले होते. मी एका रविवारी फावड्याने वाफ्यातली माती उपसली, उन्हाळ्यापर्यंत भिंत सुकली.

चिमणीचं मात्र हसण्यावारी नेऊ नकोस. चार्टर्ड स्ट्रक्चरल इंजिनियर बोलाव, त्याच्या रिपोर्टवर बिल्डरचं लेखी कोटेशन घे. बिल्डिंग कंट्रोलचं (बांधकाम नियमांप्रमाणे झालं का ते तपासणाऱ्यांचं) कम्प्लीशन सर्टिफिकेट आहे का, ते सॉलिसिटरकरवी, म्हणजे वकिलाकरवी, विचार. तू स्वतः कौन्सिलला (तिथल्या नगरपालिकेला) फोन करू नकोस. एकदा त्यांना कळवलंस की इंडेम्निटी विमा (असा कागद नसल्याने पुढे भुर्दंड पडला तर भरून देणारा) सहसा मिळत नाही. आणि तो विमा मिळाला तरी कागदाची चूक झाकतो, विटा तोलून धरत नाही.

आता खरी मेख. १०% डिपॉझिट भरतोयस ना? समजा, १० हजार कमी झाले. डिपॉझिट हजाराने घटलं, ३ लाखांच्या वर पहिल्या घराला ५% स्टँप ड्यूटी आहे, तिचे ५०० वाचले. खिशात राहिले दीड हजार, आणि बिल्डरला रोख १० हजार द्यायचेत! बाकीचं फक्त कर्ज कमी झालं. कर्ज तेवढंच ठेवलंस तर ते घराच्या भावाच्या ९०%च्या वर जातं आणि व्याजदर बदलतो. म्हणून मागण्याआधी कर्जाच्या ब्रोकरला विचार. ‘भाव तोच ठेवू, वरचे रोख परत देतो’ असं कुणी सुचवलं तर सॉलिसिटरला ते बँकेला सांगावंच लागतं.

उत्तर: एडिंबराची ताई

आमच्याकडे स्कॉटलंडात उलटं. होम रिपोर्ट (घराच्या तपासणीचा अहवाल) विकणाराच आधी काढून ठेवतो, दुरुस्त्या वाचूनच आकडा टाकायचा. एकदा मिसिव्ह्ज (दोन्ही वकिलांमधली कराराची पत्रं) पक्के झाले की मागे फिरता येत नाही.

स्लावकर, ‘आम्हीच करून देतो’ म्हणाले तर नको म्हणा. घर सोडून जाणारा माणूस कसलं काम करून घेतो ते आपण सगळ्यांनी भाड्याच्या घरात भोगलंय.

उत्तर: स्लावहून, तीन आठवड्यांनी

काका, ताई, आभार.

मालकांच्या परवानगीने इंजिनियरने वरच्या बेडरूमची एक फळी उचलली. सगळ्या विटांचा भार दोन लाकडी तुळयांवर, आणि फट भरायला मधे स्लेटच्या कपच्या ठोकलेल्या. एक तुळई मधोमध वाकलेली. मी फोटो काढला तेव्हा हात थरथरत होता. स्टीलचं काम, बिल्डिंग कंट्रोल आणि प्लास्टर धरून ४,८०० चं कोटेशन आलं, फ्यूजबोर्डचं ७५०. ओलीच्या जागी बाहेर डेकिंग निघालं, खालची माती हवेच्या जाळीच्या वर चढलेली. त्याचे पैसे मागितलेच नाहीत, फावडं तुमचंच आणीन.

५,५५० मागितले, दोन्ही कागद आणि फोटो जोडून. एजंट ‘फार तर ३,०००’वर अडला होता. मालकांनी फोटो बघितला आणि ४,५०० वर आले. त्यांनाही माहीत नव्हतं, पाडापाडी आधीच्या मालकाची होती.

ब्रोकर म्हणाला, कर्ज तेवढंच ठेवलं तर दर वाढेल. म्हणून ९०%वरच राहिलो. काका, तुमच्या हिशेबाने हातात वाचले ६७५. स्टील बसेपर्यंत त्या दोन्ही खोल्यांना कुलूप आणि यंदा सोफा नाही. कुणाला जुनं डायनिंग टेबल द्यायचं असेल तर सांगा, व्हॅन घेऊन येतो.